सूर्य झाकून बघणारी

३० जून रोजी अठरा हजार सातशे चाळीस एवढी रक्कम माझ्या सहीने माझ्याच मेहुणीच्या खात्यावर जमा झाली. आमच्या केंद्रातला तो तिचा पहिला पगार. निवड समितीत मी नव्हतो, तिच्या अर्जावर माझी शिफारस नव्हती आणि मुलाखतीच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या जिन्यात उभं राहून बोलणाऱ्यांना विषय लागतो. हॉस्पिटलात तिला याहून बरा पगार होता. बायकोने पगाराची चिठ्ठी खालीवर करून पाहिली आणि मला विचारलं, "ही बेरीज तुमच्याकडून चुकली नाही ना?"

बेरीज बरोबर होती. पगारच कमी होता.

घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. माझ्या बायकोपेक्षा ती तेरा वर्षांनी लहान. आमच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना ही एकटी कपाळावर आडवा हात धरून दिव्यांकडे बघत उभी आहे. पुढे तिने पदार्थविज्ञान घेऊन पदवी केली, पण घरी लवकर पैसे यायला हवे होते म्हणून एक्सरेचा कोर्स केला आणि हॉस्पिटलच्या तळघरात अकरा वर्षं काढली. तक्रार कधी केली नाही. फक्त कुणाचा हात मोडला की घरच्यांच्या आधी तिला कळायचं, एवढाच आम्हाला फायदा.

मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "भावोजी, तुमच्याकडे निरीक्षकाची जागा निघालीय."

"निघालीय. पगार कमी आहे."

"पगार कुठे विचारला मी?"

"मग काय विचारलंस?"

"जागा कितव्या मजल्यावर आहे?"

"तिसऱ्या."

"चालेल," ती म्हणाली. "अकरा वर्षांनी जमिनीच्या वर येईन."

आमचं केंद्र बसच्या शेवटच्या थांब्यापासून थोडं पुढे आहे. चार मजली इमारत, तळमजल्यावर आमचा हिशेब विभाग आणि कँटीन, तिसऱ्या मजल्यावर निरीक्षण कक्ष. सूर्यावर चोवीस तास नजर ठेवणारी ती खोली, पण तिला एकही खिडकी नाही. आत तीन खुर्च्या, पाच पडदे, पाणी तापवायची किटली आणि एअर कंडिशनर जास्त झाला तर पांघरायला एक तपकिरी घोंगडी. पडद्यांवरची चित्रं येतात ती अवकाशातल्या उपग्रहावरच्या कोरोनाग्राफ नावाच्या दुर्बिणीतून.

या दुर्बिणीचं काम मला पहिल्यांदा नीट समजलं ते धाकटीने माझ्या सासूबाईंना सांगितलं तेव्हा. शास्त्रज्ञांची चार व्याख्यानं मी त्याआधी ऐकली होती, पण मी ती पहिल्या रांगेत बसून ऐकली होती, म्हणजे झोपता येत नव्हतं एवढंच.

"आई, उन्हात पक्षी बघायचा असेल तर काय करतेस?"

"डोळ्यांवर हात धरते."

"तसंच. दुर्बिणीत एक गोल चकती बसवलेली असते. ती बरोबर सूर्यावर येते आणि त्याला झाकते. मग सूर्याच्या भोवतीचं जे अंधुक असतं, ते दिसायला लागतं."

"म्हणजे तुला पगार सूर्य बघायचा, आणि तू तो झाकून ठेवतेस?"

"हो."

"आणि त्याच्या भोवती काय आहे एवढं?"

"कधी कधी सूर्यावरून मोठा ढग सुटतो. आगीचा म्हण, चुंबकाचा म्हण. तो आपल्याकडे आला तर विजेच्या तारांमध्ये नको तो प्रवाह शिरतो, विमानांचे रेडिओ बंद पडतात, उपग्रह बिघडतात. तो निघाल्यानिघाल्या बघायचा आणि सगळ्यांना सांगायचं."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे पाहुणे निघाले की फोन करणारी तू."

"अगदी तेच," धाकटी म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरात सूर्याच्या उद्रेकाला पाहुणा हाच शब्द चालतो. केंद्रात मात्र तिचं नाव पडलं चकतीबाई.

कामात ती रुळली. आमच्याकडे एक जुना नियम आहे: ज्याची पाळी, त्याची सही. ढग दिसला, तर इशारा द्यायचा की नाही हे त्या वेळी खुर्चीवर बसलेल्या माणसाने ठरवायचं. प्रमुखांनासुद्धा तो बदलता येत नाही. पूर्वी म्हणे वरपर्यंत विचारत बसायचे आणि विचारून होईपर्यंत ढग येऊन जायचा. नियम चांगला आहे. फक्त चूक झाली की तीही एकट्याच्याच नावावर लागते.

धाकटीच्या नावावर ती दुसऱ्याच वर्षी लागली.

झालं असं. आमच्या उपग्रहाचा पृथ्वीकडे संदेश पाठवणारा भाग अडकलेला आहे, जागचा हलत नाही. त्यामुळे दर काही महिन्यांनी सगळा उपग्रहच अर्धा फिरवून घ्यावा लागतो. फिरवला की चित्रं उलटी येतात, वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. ती आमच्या संगणकाने सुलटी करायची असतात. चकती ज्या दांडीवर बसवली आहे त्या दांडीची सावली चित्राच्या एका कोपऱ्यात नेहमी दिसते. उपग्रह फिरल्यावर चित्र सुलटं केलं, की ती सावली समोरच्या कोपऱ्यात जाते. ही चित्र तपासायची खूण.

त्या दिवशी सकाळीच उपग्रह फिरवला होता, आणि संगणकाला ते कळवायचं कुणाकडून तरी राहिलं होतं. दुपारी धाकटीला चकतीच्या उजवीकडून एक जाडजूड ढग निघताना दिसला. दुसऱ्या उपग्रहाच्या चित्रात सूर्याच्या उजव्या बाजूलाच डागांचा मोठा पुंजका होता, आपल्याकडे तोंड करून. तिने दांडीची सावली बघितली. ती नेहमीच्या जागी होती, म्हणून ती निश्चिंत झाली. त्या दिवशी ती नेहमीच्या जागी असणं हीच चूक होती. चित्र उलटं होतं. ढग खरा तर डाव्या कडेच्या पलीकडून निघाला होता आणि त्याचा आपल्याशी काही संबंध नव्हता.

इशारा गेला. वीज मंडळाने एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती थांबवली, क्रेन भाड्याने आणून उभी ठेवली होती ती तशीच परत पाठवली, माणसं दोन दिवस बसवून ठेवली. आलं काहीच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या इंजिनिअरचा फोन आला. आवाज एवढा होता, की फोन तिच्या कानाला असूनही खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"बाई, तुम्ही आधी एक्सरे काढायच्या म्हणे?"

"हो."

"तिथे डावा पाय दुखत असेल तर उजव्याला प्लास्टर घालायचात का?"

हे त्याला कुठून कळलं देव जाणे. पण वार बरोबर जागी बसला. एक्सरेच्या खोलीत डावं-उजवं हेच पहिलं शिकवतात, आणि ती अकरा वर्षांत तिथे एकदाही चुकली नव्हती. पुढे कित्येक महिने कँटीनच्या रांगेत कुणीतरी मागून विचारायचं, "काय चकतीबाई, दांडी बघितली का आज?" ती चहा घेऊन शांतपणे म्हणायची, "बघितली. तुमच्याच कपाला आहे, नीट धरा, चहा सांडेल."

प्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "संगणकाची चूक मला कळते. पण सही तुमची आहे. पुन्हा एकदा असा खोटा इशारा गेला, तर मला तुम्हाला जुन्या चित्रांच्या विभागात बसवावं लागेल. वीज मंडळाला सांगायला माझ्याकडे दुसरं काही उरणार नाही."

जुन्या चित्रांचा विभाग आमच्या तळघरात आहे. मागच्या वर्षांची चित्रं तपासून, त्यांतले ढग मोजून नोंदवायचे. पगार तोच, शिवाय पाळ्या नाहीत. मी घरी तिला म्हटलं, "इतकं काही वाईट नाही ते."

ती म्हणाली, "भावोजी, पेशंट गेल्यावर त्याचे एक्सरे बघत बसायचं का मी?"



पुढचं वर्षभर तिने डोळ्यांत तेल घालून काम केलं. इशारे दिले, ते खरे ठरले, पण सगळे सोपे होते. समोर मोठा भडका, मागोमाग ढग, शेजारच्या दोन केंद्रांचा इशाराही त्याच वेळी. अशा इशाऱ्यावर कुणीही सही करेल.

मग तो रविवार आला. वर्षअखेरीच्या कामासाठी मी ऑफिसात होतो. दुपारी जेवायला तिला बरोबर घेऊन जावं म्हणून वर गेलो. तिची पाळी सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. आधीच्या पाळीचे निरीक्षक, ज्यांना सगळे मिशीवाले म्हणतात, अजून निघाले नव्हते. दोघंही मधल्या पडद्याकडे वाकून बघत होते.

"बसा भावोजी," ती मागे न बघता म्हणाली. "पाच मिनिटं." ती पाच मिनिटं पुढे अडीच तास चालली.

पडद्यावर चकतीच्या भोवती एक अंधुक कडं होतं. एका चित्रातून आधीचं चित्र वजा करून बघायची त्यांची रीत आहे. जे हललं नाही ते राखाडी होऊन जातं आणि जे हललं तेवढंच उठून दिसतं. तसं वजा करून बघितल्यावर ते कडं चित्रागणिक थोडं थोडं मोठं होत होतं, सगळ्या बाजूंनी सारखं.

"सगळ्या बाजूंनी म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे एक तर थेट आपल्या तोंडावर येतंय," ती म्हणाली, "नाहीतर सूर्याच्या पाठीमागून थेट लांब जातंय. चकती मध्ये असल्यामुळे दोन्ही सारखंच दिसतं."

"पाठीमागून जातंय," मिशीवाले म्हणाले. "समोरच्या बाजूला बघा की. ना भडका, ना डाग. टेबल पुसल्यासारखा साफ आहे सूर्य. पलीकडचं आहे म्हणून लिहून टाका आणि जेवून या. भावोजी केव्हाचे ताटकळलेत."

खरं सांगायचं तर मलाही तेच योग्य वाटलं. माझ्या डोळ्यांसमोर तळघर होतं. तिच्याही असणार. 'पलीकडचं' असं लिहून ती चुकली असती, तरी तिला कुणी दोष दिला नसता. समोर काही दिसत नव्हतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. 'आपल्याकडे येतंय' असं लिहून चुकली असती, तर दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली असती.

ती म्हणाली, "ढग फार सावकाश चाललाय. एवढा सावकाश निघणारा भडका उडवून कशाला निघेल?"

"मग खूण काही तरी सोडेल ना?"

"सोडली असेल. पण आपण दर काही मिनिटांची दोन चित्रं वजा करतो. सावकाश बदललेलं त्यात कसं दिसणार?"

तिने समोरच्या बाजूची चित्रं काढली. त्या सकाळचं एक आणि आदल्या संध्याकाळचं एक. मधली सगळी सोडून दिली, आणि पहिल्यातून दुसरं वजा केलं. इतका वेळ त्यांचं बोलणं माझ्या डोक्यावरून जात होतं, पण हे मला लगेच कळलं. रोजचा गल्ला रोज जुळतो आणि वर्षअखेरीला गोदामात माल कमी भरतो, असं मी अनेकदा पाहिलेलं आहे. रोजच्या रोज बघून ती गळती सापडत नाही. सुरुवातीचा साठा आणि शेवटचा साठा शेजारी ठेवावा लागतो.

पडद्यावर सूर्याच्या जवळजवळ मध्यावर एक काळसर डाग उमटला. फार ठळक नव्हता. ओल्या बोटाचा ठसा वाळत आलेला असावा तसा.

"इथलं काहीतरी उठून गेलंय," ती म्हणाली.

मिशीवाले चष्मा काढून जवळ गेले. "कॅमेऱ्यावरची घाण असेल."

"दुसऱ्या फिल्टरमध्ये बघू."

दुसऱ्यातही होता. तिसऱ्यात जरा कमी, पण त्याच जागी. तिने मग दांडीची सावली, दोन्ही उपग्रहांच्या चित्रांच्या तारखा, उपग्रहाचं शेवटचं वळण, सगळं एकदा तपासलं आणि पुन्हा तपासलं. मिशीवाले मिशीवरून हात फिरवत होते. शेवटी म्हणाले, "चकतीबाई, मला तरी ही सावली सहीएवढी जड वाटत नाही."

"मलाही हलकीच वाटतेय," ती म्हणाली, "पण आहे ती."

तिने प्रमुखांना घरी फोन लावला. स्पीकर चालू होता.

"समोर भडका?"

"नाही, साहेब."

"दुसऱ्या कुठल्या केंद्राचा इशारा?"

"अजून तरी नाही."

पलीकडे कुणीतरी भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "पाळी कुणाची आहे?"

"माझी."

"मग मला कशाला विचारता?" आणि फोन बंद झाला. तो होकार होता की हात झटकणं होतं, मला आजही सांगता येणार नाही.

तिने सही केली. बुधवारी दुपारपर्यंत पोहोचेल, असं लिहिलं. मिशीवाल्यांना खुर्चीवर बसवून आम्ही घरी जेवायला पोहोचलो तेव्हा बायकोने सगळं दुसऱ्यांदा गरम केलं होतं. तिने बहिणीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला एवढंच विचारलं, "पाहुणा?"

"निघालाय असं हिचं म्हणणं आहे."

"मग येईल," बायको म्हणाली आणि वाढायला लागली. माझ्या बायकोला सूर्यातलं काही कळत नाही. बहिणीतलं कळतं.

बुधवारची दुपार आली आणि गेली. आला कुणीच नाही. चार वाजता कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "पाहुण्यांची गाडी चुकली वाटतं." दुसरा म्हणाला, "तळघरात पंखा बसवून घ्या आत्ताच, नंतर मंजुरी मिळत नाही." मंजुरी माझ्या विभागातून जाते, म्हणून हसताना दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी हसलो नाही.

संध्याकाळी वीज मंडळाचा फोन आला. तोच इंजिनिअर.

"बाई, मी पुन्हा माणसं बसवून ठेवलीत. दोन लाइनींवरचा भार कमी करून ठेवलाय. वरचे मला विचारतायत."

"उद्या सकाळपर्यंत ठेवा. ढग वाटेत मंदावला असेल."

"आणि उद्याही नाही आला तर?"

"तर परवापासून तुम्हाला माझा फोन येणार नाही."

"सकाळपर्यंत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी मी टेबलावर बसलो होतो. बिलांचा गठ्ठा सोडला होता. जिन्यात धावल्याचा आवाज आला. आमच्या इमारतीत धावतं कुणी नाही, लिफ्ट बंद असली तरी. मिशीवाल्यांनी दारातून तोंड आत घातलं.

"चला वर! लागलं!"

त्यांची त्या दिवशी पाळी नव्हती. सुट्टीचे कपडे घालून ते सकाळपासून वर येऊन बसले होते, हे मला नंतर कळलं.

निरीक्षण कक्षात तीन खुर्च्यांभोवती पंधरा माणसं उभी होती. पृथ्वीच्या बऱ्याच अलीकडे, सूर्याच्या वाटेवर एक उपग्रह पहारा देतो. त्याच्याकडून येणारी चुंबकाच्या मापाची रेघ इतका वेळ सपाट चालली होती, ती एकदम उभी उसळली होती. मग ती खाली वळली, दक्षिणेकडे, आणि तिथेच राहिली. मला सांगण्यात आलं की हेच वाईट वळण असतं. पुढच्या तासाभरात जमिनीवरचे काटेही हलायला लागले. धाकटी उभी राहून एकामागून एक ठिकाणी फोन करत होती. आवाज अगदी सपाट, हॉस्पिटलात 'श्वास रोखून धरा' म्हणायची तसा.

अकराच्या सुमाराला इंजिनिअरचा फोन आला. या वेळी तिने स्पीकर लावला. मला वाटतं मुद्दाम लावला.

"बाई, तो मोठा ट्रान्सफॉर्मर तापला. चांगलाच तापला. पण भार कमी केलेला होता, म्हणून धरून राहिला. पूर्ण भारावर असता तर अर्धं शहर अंधारात गेलं असतं आणि ट्रान्सफॉर्मर भंगारात."

"आता कसा आहे?"

"उतरतोय. ऐका, मागच्या वेळी मी तुम्हाला जे बोललो..."

"सगळं आठवतंय मला."

"ते परत घेत नाही. त्या वेळी मी बरोबरच बोललो होतो. आज मात्र थँक यू."

"त्या वेळी बरोबरच होतात," धाकटी म्हणाली. "दुपारपर्यंत भार वाढवू नका."

प्रमुख आले तेव्हा लोक बाजूला झाले. त्यांनी रेघ बघितली, तिचा रविवारचा इशारा बघितला, मग तो काळसर डागही मागवून बघितला, बराच वेळ. म्हणाले, "वेळ जवळजवळ वीस तासांनी चुकली."

"हो, साहेब. वेग जास्त धरला मी."

"इतर केंद्रांचे इशारे कधी आले?"

"आलेच नाहीत. आता येतायत."

त्यांनी मान हलवली. तिची खुर्ची गर्दीत कुणीतरी मागे सरकवली होती. ती त्यांनी स्वतः पुढे ओढून पडद्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "बसा. पाळी तुमची आहे." एवढंच. पण जुन्या चित्रांच्या विभागाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही. मी छत्तीस वर्षं नोकरी करतोय, बढतीचे कागद शेकड्यांनी पाहिले. खुर्ची पुढे ओढून दिलेली तेवढी एकदाच पाहिली.

मी जिन्यात जाऊन घरी फोन केला. फोन सासूबाईंनी घेतला.

"आला का गं पाहुणा?" त्यांना वाटलं धाकटीच बोलतेय.

"आला," मी म्हटलं. "उशिरा, पण आला."

"मग जेवून जा म्हणावं," त्या म्हणाल्या आणि माझ्या बायकोला हाका मारायला लागल्या. तिने फोन घेतला आणि नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. मेहुणीला नोकरी लागली तेव्हा मी रजा टाकून घरी बसलो होतो. त्या दिवशी मात्र जिना उतरताना भेटेल त्या माणसाला मी थांबवून सांगत होतो की ती माझी मेहुणी. बहुतेकांना ते आधीपासून ठाऊक होतं, पण त्यांनी ऐकून घेतलं.

दुपारी धाकटीने वरूनच कँटीनला फोन केला आणि चारही मजल्यांना चहा सांगितला, स्वतःच्या नावावर. त्याचे तीनशे बारा झाले. ते तिने अजून भरलेले नाहीत.